चाचणीपुरतं वाजवणं

संगणकाच्या पडद्यावर विनूच्या गिटारच्या लाटा उमटल्या आहेत, आणि प्रत्येक लाटेचा माथा कापल्यासारखा सपाट आहे. कापणारा मीच.

विनू माझा कॉलेजपासूनचा मित्र. हाताच्या ऑपरेशनआधी तो माझ्याकडे आला. "बोटं नंतर चालतील न चालतील, एकदा मनासारखं वाजवून ठेवतो," म्हणाला. मी ऐटीत त्याची गिटार संगणकाला जोडली. "जरा वाजव, लेव्हल लावतो." त्याने हलक्या हाताने तारा छेडल्या. मी बटण फिरवत आवाज लाल खुणेपर्यंत नेऊन टेकवला आणि स्वतःवरच खूश झालो.

मग तो खरंच वाजवू लागला. आवाज मावत नसल्याचा लाल दिवा पेटला तो विझेचना. मी आपला मान डोलावत राहिलो. म्हटलं, नंतर आवाज कमी करू. केला. आता फाटलेल्या आवाजाची तीच फरफर हळू ऐकू येते. संगणकातले सगळे नकली ॲम्प्लिफायर बदलून पाहिले. आत येतानाच जे तुटलं, ते त्यातला एकही सांधत नाही.

चाचणीला माणूस बेतानंच वाजवतो. ओळख होतानाही तो बेतानंच बोलतो, आणि आपण तेवढ्यापुरतीच जागा ठेवतो. पुढे कधी तो जिवाच्या आकांतानं बोलतो, तेव्हा ते आपल्यात मावत नाही.

ऑपरेशननंतर विनूची दोन बोटं मिटत नाहीत. काल त्याने ते रेकॉर्डिंग ऐकलं. मी माफी मागणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "आयला, एवढं जोरात वाजवायचो मी?"

"हो," म्हणालो.