पाचवं गाणं

मुलांनो, परवा सीताबर्डीहून बेशाला घरी येताना एक ऑटोवाला भेटला. पन्नाशीचा असावा, नाव विचारायचं राहूनच गेलं. ऑटोतल्या स्पीकरवर एक परदेशी गायिका इंग्रजीत गात होती आणि हा हँडलवर बोटांनी ठेका धरत होता, दर वेळी किंचित उशिरा.

"इंग्रजी समजतं?" मी विचारलं.

"नाही जी. माही पोरगी पुण्याले शिकते, ते हिची फॅन हाय. नवा अल्बम आला, तं सारे फॅन नाराज होऊन राहिले. गिटार कमी केली म्हणते. आता ते फोन करन अन् विचारन, बाबा, कोणतं आवडलं? काकू, ह्या पाचव्या गाण्याचा अर्थ सांगा ना."

गाण्यात गाव सोडून गेलेली मुलगी आईला सांगते आहे, माझं ताट वाढून ठेवू नकोस. मी तसं सांगितलं.

"पोरीले हेच गाणं बेकार वाटते," तो म्हणाला. "पण तिच्या मनासारखं बोललो, तं दोन मिनिटांत फोन ठेवते."

मी उतरत होते तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"नाही वं, पाचवंच भारी हाय! तुम्हा फॅन लोकाले काय समजते?"

पलीकडून आरडाओरडा सुरू झाला. त्यानं फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघून हसला. मी वर येऊन चहा केला, गॅलरीत आले, तरी ऑटो खाली उभाच होता.

रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा मी सगळ्यालाच छान म्हणते. आता तुमच्या आवडीचा एखादा अल्बम पाठवा. मला तो मुळीच आवडणार नाही.