शैलाकाकूंच्या भिंतीतल्या फटी

मंडळी, आज दुपारी शैलाकाकूंकडे होतो. रॉली शहराच्या जुन्या वस्तीतलं त्यांचं पन्नास वर्षांचं घर तुम्ही पाहिलंय. वीट फक्त दर्शनी. भार सगळा आतल्या लाकडी सांगाड्यावर.

विटांच्या सर्वांत खालच्या थरात, दर तिसऱ्या सांध्यात एक उभी फट होती. तिथून मुंग्या येतात म्हणून तीन वर्षांपूर्वी मी त्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या. जुन्या सांध्याचा रंगसुद्धा हुबेहूब जुळवला. तुम्हाला फोटो पाठवले होते.

आज कॉन्ट्रॅक्टरने भिंत उघडली. आतलं लाकूड बोटाने दाबलं तरी भुगा. विटांमधून झिरपलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून त्या फटी मुद्दाम ठेवतात. घरदुरुस्तीचं सगळं मी स्वतःच शिकलो, पण हे कुणाला विचारलं नाही.

"हे कुणी केलं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "माय हजबंड. ही इज नो मोअर."

तो गेल्यावर मी म्हटलं, "काकू, काकांचं नाव का घेतलंत?"

"त्यांना आता कोण बोलणार? आणि काम फार नीटनेटकं केलंस हो, पाण्यालासुद्धा वाट सापडली नाही. चहा घे."

काकांनी हौसेने घेतलेल्या घराची ती भिंत आता उतरवणार. तशी वीट हल्ली मिळत नाही.

काका जाऊन पाच वर्षं झाली. फटी मी बुजवल्या. उद्या कॉन्ट्रॅक्टरला तसं सांगणार आहे.

तुमच्यापैकी आणखी कुणाकडे मी हे केलंय? कृपया कळवा. मी स्वतः येऊन उघडतो.