कच्चं लिंबू
लिंबू चिरलं की त्या वासासरशी मला शाहूपुरीतला आमचा बोळ आठवतो. माझी सहा वर्षांची लेक कुणाशी बोलायची नाही, कुणाकडे बघायची नाही. मी ओंजळ ओंजळ भडंग देऊन बोळातल्या पोरींच्या हातापाया पडायचे, "घ्या गं हिला खेळायला." "घेतो की काकू, कच्चं लिंबू म्हणून. तिच्यावर राज्य न्हाई," त्या म्हणायच्या. एका संध्याकाळी लपंडाव मोडून पोरी घरी निघाल्या, पण लेक दिसेना. "अगं, ती कुठाय?" मी किंचाळले. "लपलीया की. कच्च्या लिंबाला कशाला हुडकायचं?" जळणाच्या ढिगामागं ती श्वास रोखून बसली होती. जन्मात पहिल्यांदा माझी पोर खेळत होती. आता तिचे केस पिकलेत, आणि माझ्यामागं तिला कोण हुडकणार?