ओवाळलेला ट्रॅक्टर

आमच्या स्वयंपाकघरात शेगडीमागच्या भिंतीला ओल होती. ती झाकायला आईने एक चित्र चिकटवलं होतं, चीनमधल्या बायका ट्रॅक्टर चालवताहेत असं. नव्या चीनची ती गुळगुळीत कागदाची मासिकं तेव्हा घाटकोपरच्या आमच्या चाळीत कोणी ना कोणी आणून द्यायचं आणि निम्म्या चाळीच्या वह्यांना त्याच कागदाची कव्हरं असायची. आईला तिथल्या क्रांतीचं कौतुक होतं आणि ते ती लपवत नसे. पोळ्या लाटताना म्हणायची, त्या बायांनी एवढं केलं, आपण निदान एक नळ तरी मिळवू.

नळाचं प्रकरण साधं होतं. चाळ टेकडीच्या उतारावर आणि नळ पार खाली, एकच. पाणी पहाटे यायचं आणि उजाडायच्या आत जायचं. आईने दारोदार फिरून बायका जमवल्या. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी रिकाम्या कळशा घेऊन म्युनिसिपालिटीच्या कचेरीवर जायचं, असं ठरलं.

तेवढ्यात एका साप्ताहिकाचा दिवाळी अंक आला. त्याचा व्यंगचित्रकार आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत एकटा राहायचा. आईला वहिनी म्हणायचा, दर रविवारी आमच्याकडे पोहे खायचा. तो पाटावर टेकायच्या आत आई त्याच्यापुढे तांब्याभांडं ठेवायची.

अंकात त्याचं पानभर चित्र होतं. नऊवारीतली बाई भिंतीवरच्या ट्रॅक्टरला ओवाळते आहे, मागे शेगडी विझलेली, नवरा रिकामं ताट वाजवतोय, पोर भोकाड पसरून बसलंय. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती मात्र भिंतीमुळे. ट्रॅक्टरच्या कडेने डोकावणारी ओलसुद्धा त्याने सोडली नव्हती. आमच्या पाटावर बसून जेवल्याशिवाय ती ओल कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

पेकिंगच्या नावाने भाषणं ठोकणारे, सिगारेटी फुंकत क्रांती करणारे पुढारी काय कमी होते मुंबईत? त्यांची टोपी उडवायला हात धजावला नाही. सापडली ती पोहे करून घालणारी बाई. आणि आमची शेगडी विझलेली नसते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

अंक घरोघर फिरला. बायका हसल्या, त्यांचे नवरे जास्त हसले. ओवाळून झालं का, असं नळावर विचारलं जाऊ लागलं. मग कुणाची सासू आजारी पडली, कुणाकडे पाहुणे आले. शेवटी वडीलही म्हणाले, ते चित्र काढून टाक बघू.

"मग ओल कशाने झाकू?" आईने विचारलं. वडिलांनी वर्तमानपत्र उघडलं.

ठरल्या दिवशी निघालो आम्ही दोघीच, मी आणि आई. कचेरीतल्या साहेबाने आमच्या मागे दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"बाई, नळ चाळीला हवाय की तुम्हाला?" तो म्हणाला.

रिकाम्या कळशा घेऊन आम्ही टेकडी चढलो.

पुढच्या रविवारी तो व्यंगचित्रकार आलाच, निर्लज्जासारखा. गंमत असते वहिनी, मनाला लावून घ्यायचं नाही, म्हणत पाटावर बसला. मला वाटलं, आई त्याला हाकलून देईल. तिने पोहे केले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, सगळं साग्रसंगीत. बशी त्याच्यापुढे ठेवली. तांब्याभांडं ठेवलं नाही.

दोन घास खाल्ल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"वहिनी, पाणी?"

"पाणी पहाटे येतं रे," आई म्हणाली. "खाली नळ आहे, एकच. उद्या रांगेत उभा राहा, मिळेल."

तो कोरडेच पोहे गिळत राहिला. आई त्याच्यासमोर बसली आणि बशी रिकामी होईपर्यंत उठली नाही.