भिंगरी स्वतःची लेस बांधते

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, आणि ते तिथेच सुखात आहे. चालायला लागल्यापासून ही पोरगी सरळ म्हणून कुठे गेली नाही. मोजे घालून स्वयंपाकघराच्या गुळगुळीत फरशीवर गोल गोल फिरायची, फ्रिजला धडकायची आणि वर फ्रिजलाच रागवायची. बाबांनी नाव ठेवलं भिंगरी. तिला बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकवर घातलं ते हौसेपेक्षा फ्रिज वाचवायला जास्त.

रिंक एका मोठ्या दुकानांच्या इमारतीत, तळमजल्यावर. आत शिरलं की नाकाचा शेंडा गार पडायचा. ओल्या रबरी चटयांचा वास, कडेने लाकडी बाकं, कमरेएवढा कठडा आणि पलीकडे बर्फ. भिंगरी त्यावर अशी सुटली की जणू आधीपासून तिथेच राहत होती. शिकवणाऱ्या मॅडमनी महिन्याभरात ओळखलं, पोरीच्या अंगात आहे. फक्त जे आहे ते अंगातच राहणार अशी सगळी लक्षणं होती.

कारण बाकीचं सगळं आईच्या अंगावर होतं. आई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. तिथून धापा टाकत यायची आणि लेकीसमोर उकिडवी बसायची. भिंगरी बाकावर पाय पसरून, महाराणी! आईने बुटांच्या लेस आवळायच्या. बुटाखालच्या पात्यांना जमिनीवर चालताना धार जाऊ नये म्हणून प्लास्टिकची कव्हरं असतात. ती बर्फावर उतरताना आईने काढायची, परत आल्यावर पाती पुसून आईनेच चढवायची. भिंगरी पडली की आधी कठड्याकडे बघायची. आईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं की मग रडायला सुरुवात, आणि पाठोपाठ कारणं.

"मॅडम, बर्फ खडबडीत आहे."

"हं."

"आईने लेस सैल बांधलीय."

"बरं."

"ती लाल टोपीवाली मध्ये आली."

"लाल टोपीवाली आज आलेलीच नाही," मॅडम म्हणाल्या.

वर्षाच्या शेवटी परीक्षा असायची. पास झालं तर सकाळची बॅच. तिथे मोठ्या मुली, उडी मारून हवेत फिरून खाली उतरणाऱ्या. नापास झालं तर आणखी एक वर्ष संध्याकाळच्या पिल्लांबरोबर. ही पिल्लं तोल जाऊ नये म्हणून प्लास्टिकचा पेंग्विन धरून त्याला ढकलत ढकलत चालतात. भिंगरी अकरा वर्षांची. पेंग्विन कधीच सुटला होता, पण उभी त्यांच्यातच, डोक्याने सगळ्यांपेक्षा वर. शाळेतल्या एका मैत्रिणीने हे रिंकच्या काचेच्या दारातून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे पेंग्विनसारखं डुलत चालून दाखवलं. त्या दिवसापासून सकाळच्या बॅचशिवाय भिंगरीला दुसरं काही सुचेना.

"मॅडम, मी पास होईन ना?"

"फिरण्यात होशील. बाकीच्यात नाही."

"बाकीचं म्हणजे?"

मॅडमनी आईला खुणेने बोलावलं आणि काचेचं दार दाखवलं. "ताई, उद्यापासून तुम्ही त्याच्या बाहेर. चहा घ्या, मासिक वाचा, काहीही करा. हिचं हिला करू दे. आणि तू गं, कारण सांगितलंस की एक गाणं संपेपर्यंत बाकावर."

आईचा चेहरा असा झाला, जसं तिलाच शाळेतून काढलं.

पहिल्या आठवड्यात लेस बांधण्यातच निम्मा तास गेला. बांधली तरी घोटा आत लटपटायचा. काचेपलीकडून आई दोन्ही हातांनी हवेतल्या हवेत लेस ओढून दाखवायची, आणि येणारे-जाणारे लोक तिला वळसा घालून जायचे. बाकावर तर भिंगरी इतक्यांदा बसली की पिल्लांना वाटलं ही दमली. एकदा कंटाळून ओली पाती तशीच कव्हरात कोंबली आणि घरी आली. पुढच्या खेपेला उघडली तर गंजाचे तपकिरी ठिपके. मॅडमनी बूट हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, परत दिला. आणि पिल्लांकडे वळल्या. भिंगरीला वाटलं, त्यापेक्षा दोन धपाटे बरे होते. शब्द काढला तो धार लावणाऱ्या काकांनी.

"काय गं, पाती बादलीत भिजत घातली होतीस?"

"घाईत राहिलं, काका. म्हणजे... मीच पुसली नाहीत."

"अरे वा! हे नवीन ऐकतोय."

हळूहळू हाताला वळण लागलं. लवकर यायचं, बाहेरच अंग मोकळं करायचं. लेस खालून वर, घोट्याशी जरा जास्त घट्ट. पाती पुसताना स्क्रूच्या कडेचं पाणीसुद्धा टिपायचं. परीक्षेच्या गाण्यावर सराव करताना पडलं की उठायचं, आणि गाणं जिथे पोचलं असेल तिथून पुढे. पडल्या जागेपासून पुन्हा सुरू केलं तर गाणं काही थांबून राहत नाही, हे मॅडमनी घसा बसेपर्यंत सांगितलं. "बर्फच..." एवढं अजूनही तोंडात यायचं. ती ते गिळायची. गिळताना चेहरा असा व्हायचा की मॅडम पाठ फिरवून हसायच्या.

परीक्षेच्या दिवशी गर्दी होती, काचेचं दार उघडंच, आणि मॅडम दुसऱ्या टोकाला. आईला एवढं पुरलं.

"आण, आज मी बांधते."

"आई, मला येतं."

"येतं गं, माहितीये मला. हात किती थंड पडलेत तुझे! दे इकडे."

 भिंगरीने पाय पुढे केला. आईने लेस बांधल्या, केसांची पिन काढून पुन्हा लावली, बाही ओढली, नाक पुसलं. तेवढ्यात पुकारा झाला. आईला वाटलं, कव्हरं हल्ली ही स्वतःच काढते. लेकीला वाटलं, आज सगळं आईच करतेय, कव्हरंही काढली असतील.

भिंगरीने मान ताठ करून, हात पसरून कव्हरांसकट पहिलं पाऊल बर्फावर टाकलं.

धप्प!

दोन्ही पाय वर, कोपर खाली. पिल्लं खदखदून हसली. सकाळच्या बॅचच्या मुलींनी तोंडावर हात घेतले. परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. भिंगरीने वळून कठड्याकडे पाहिलं. "आई, तू..." इतकं ओठांवर आलं होतं. आईचा चेहरा पांढराफटक.

भिंगरीने बसल्या जागी दोन्ही कव्हरं ओढून काढली आणि कठड्यावरून आईच्या हातात दिली. "धर," म्हणाली, आणि जाऊन मधोमध उभी राहिली. गाणं लागलं. फार काही बहारदार झालं नाही. कोपर ठणकत होतं, त्यामुळे हात जवळ घेऊन फिरायचं ते एका गिरकीत आटोपलं. वळणं मात्र नेटकी आली, आणि शेवटचा सूर संपला तेव्हा तीही थांबलेली होती.

परीक्षक बाईंनी जवळ बोलावलं.

"सुरुवातीला काय झालं?"

"कव्हरं काढायची राहिली."

"कोणाकडून?"

"माझ्याकडून."

आई मागून पुढे सरसावली. "अहो, तिची नाही, चूक माझी, मीच..."

भिंगरीने तिची बाही ओढली. "आई, राहू दे ना."

"अगं पण खरंच माझी..."

"राहू दे. बूट माझेच होते."

बाईंनी गिरकीला कमी गुण दिले, बाकीच्याला बरे दिले, आणि कागद मॅडमकडे सरकवला. मॅडमनी वाचून घडी घातली.

"सोमवारपासून सकाळी. पहाटे उठावं लागेल, कळलं?"

आईने तिथेच डोळ्यांना पदर लावला.

"इथे नको गं रडूस," भिंगरी दबक्या आवाजात म्हणाली, "सगळे बघतायत."

मग आईच्या हातातली कव्हरं घेऊन ती मोठ्या मुलींच्या बाकापाशी गेली. कोणी सरकून जागा दिली नाही. एकीने तर पाहिलंही नाही. भिंगरी टोकाला टेकली, अर्धी बाकावर आणि अर्धी हवेत, आणि खाली वाकून पाती पुसायला लागली.