न दिसणारा रेणू

आमच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एकच निळा ठिपका दिसतो. तो एक अणू. विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात त्याच्या शेजारी एक रेणू अडकवलेला असतो, पण तो प्रकाशत नाही. लेसरने त्याला हळूच छेडायचं आणि त्याचं उत्तर शेजारच्या अणूच्या थरथरीतून वाचायचं. ठिपका मधोमध नसून जरा बाजूला असतो, एवढ्यावरूनच रेणू तिथे आहे हे कळतं.

त्या दुपारी, सकाळपासून नीट उत्तरं देणारा रेणू एकाएकी निसटला आणि ठिपका सरकून मधोमध आला.

"गेला," माझी सहकारी मधुरा म्हणाली.

"दुसरा घेऊ. सगळे हुबेहूब सारखेच असतात," मी म्हणाले.

दुसरा आला. ठिपका पुन्हा बाजूला झाला, आकडेही तेच आले. हा सकाळचा नव्हे, असं जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकलं नसतं. मला मात्र खोलीत कुणीतरी कमी झाल्यासारखं वाटत राहिलं.

मधुराही पडद्यावरून नजर हटवत नव्हती.

"माझी जुळी बहीण गेल्या वर्षी गेली," ती म्हणाली. "आई अजून कधीकधी मला तिच्या नावाने हाक मारते."

"मग तू काय करतेस?"

"ओ देते."