मागच्या रांगेतली मुलगी

कॉलेजच्या मुलींना मी व्हॉलीबॉल शिकवते. मागच्या रांगेसाठी निवडताना मी उंची बघत नाही. खाली आलेल्या चेंडूवर कोण अंग टाकतं, एवढंच बघते. आमचं मैदान मुरमाचं. अंग टाकलं की कोपर सोलतंच.

यंदा हसनाबादच्या एका मुलीनं एकही चेंडू पडू दिला नाही. मी तिला निवडलं, तर ती हळूच म्हणाली, "मॅडम, रविवारी मला बघायला पाहुणे येऊन राह्यलेत. हाताला आणखी खरचटलं तर आई रागवल. मला पुढं उभं करा."

पुढं जाळीपाशी तिची उंची पुरणार नव्हती. मी चिडून दुसरीला घेतलं.

सोमवारी ती आली. "पाहुणे न्हाई म्हणले," ती म्हणाली. "रंग सावळा म्हणून."

मग बाह्या दुमडून ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.